कुंदाताई डावीकडे पडतात

सकाळी सोसायटीचा पाण्याचा पंप बंद झाला की आमच्या इमारतीच्या दारात रोज एक दृश्य दिसतं. तळमजल्यावरच्या कुंदा परब एक लाल प्लास्टिकचं स्टूल घेऊन बाहेर येतात. न्हाणीघरात कपडे धुवायला बसतात ना, तसलं बुटकं स्टूल. ते त्या आपल्या मोटरसायकलच्या डाव्या अंगाला ठेवतात, त्यावर उभ्या राहतात आणि माळ्यावर चढावं तशा मोटरसायकलवर चढतात. स्टुलाला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधलेली असते, तिचं दुसरं टोक हँडलला. वर बसल्यावर त्या विहिरीतून कळशी काढावी तसं स्टूल ओढून घेतात, बाजूच्या हुकाला अडकवतात, हेल्मेटवर एक थाप मारतात आणि गेटबाहेर पडतात.

कुंदाताईंची उंची चार फूट दहा इंच. "आणि वर अर्धा," असं त्या सांगतात, आणि तो अर्धा कुणी विसरला तर त्यांना राग येतो. वय पन्नाशीच्या पुढे. मोटरसायकल मात्र उंचाड्या जातीची, डांबरी रस्त्यावर चालणारी आणि डांबर संपल्यावरही चालणारी. पुढचा मडगार्ड चाकापासून चांगला हातभर वर. मी सहा फुटांच्या आसपास आहे, तरी तिची सीट माझ्या मांडीच्या वर येते. कुंदाताईंच्या ती थेट कंबरेला लागते. वर बसल्या की त्यांचे दोन्ही पाय शाळेच्या बाकावर बसवलेल्या लहान पोरासारखे अधांतरी राहतात.

मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांनी तक्रार केली की एक बाई रोज गेटसमोर स्टुलावर चढते, हे सोसायटीला शोभत नाही. मी सांगायला खाली गेलो. कुंदाताई स्टुलावरच होत्या, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा आमची नजर समोरासमोर भिडली.

"कुलकर्ण्यांचं काही दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं.

"मग मी संध्याकाळी त्यांच्याकडे जाते. सकाळी दुखणाऱ्यांकडे जायचं असतं."

कुंदाताई नर्स आहेत. एका संस्थेत काम करतात. इस्पितळाने घरी घेऊन जा म्हणून सांगितलेली जी माणसं असतात, त्यांच्या घरी जातात. जखमा धुतात, दुखणं थांबवायचं औषध देतात, कूस कशी बदलायची ते घरच्यांना शिकवतात. त्यांच्या रोग्यांपैकी कुणीही बरा होत नाही. त्यामुळे आमच्या इमारतीतल्या काही लोकांना त्या समोरून आल्या की उगाच छातीत कळ आल्यासारखं होतं. माझ्या सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हा कुंदाताई सहज चहाला आल्या. म्हातारी आत जाऊन दाराला कडी लावून बसली, ती त्या गेल्याची खात्री झाल्यावर बाहेर आली. कुंदाताईंना यात काही वावगं वाटलं नाही. चहा पिता पिता त्या बंद दाराकडे बघून एवढंच म्हणाल्या की कडीच्या आवाजावरून तब्येत ठणठणीत वाटते.

पूर्वी त्यांच्याकडे स्कूटर होती. नालासोपारा, विरार, अर्नाळा, वसई एवढ्यापुरती ती ठीक होती. पण महामार्ग ओलांडून पूर्वेला गेलं, पारोळ मागे टाकलं की डोंगराच्या अंगाला पाडे सुरू होतात. तिथे रस्ता म्हणजे एकामागे एक ठेवलेले दगड. स्कूटरचं पोट त्या दगडांवर आपटायचं. एकदा पावसाळा सरता सरता ती चिखलात अशी रुतली की हलेना. कुंदाताईंनी ती तिथेच सोडली, पिशवी खांद्याला लावली आणि चालत निघाल्या. ज्या म्हातारीकडे जायचं होतं तिला गर्भपिशवीचा कॅन्सर होता आणि आदल्या दिवसापासून कळा थांबत नव्हत्या. कुंदाताई पोचल्या तेव्हा म्हातारी नुकतीच गेली होती. तिच्या दातांत गोधडीचा कोपरा घट्ट धरलेला होता. तो सोडवावा लागला.

हे त्यांनी मला ज्या आवाजात सांगितलं, त्याच आवाजात त्या टाकीचं पाणी कधी सोडणार ते विचारतात.

"औषध माझ्या खांद्यावर होतं," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून "आधी पोचू" हे शब्द त्यांच्या तोंडात बसले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीच्या गळतीवर वाद चालू असला आणि कुणी त्यांचं मत विचारलं, की त्या म्हणतात, "आधी पोचू, मग बघू." कुठे पोचायचं हे कुणालाच कळत नाही, पण वाद थांबतो.

मोटरसायकल घ्यायला त्या मला बरोबर घेऊन गेल्या. मला मोटरसायकल चालवता येत नाही, हे मी आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या की चालवायला नको, नुसतं उंच उभं राहायचं. बाईमाणूस एकटी गेली की शोरूमवाले थेट स्कूटरकडे नेतात. त्यांचा अंदाज खरा ठरला, फरक एवढाच की आम्हा दोघांनाही स्कूटरकडे नेण्यात आलं. विक्रेता तरुण होता, टाय लावलेला, आणि सगळं माझ्याकडे बघून बोलत होता. सर, मॅडमना हे हलकं पडेल. सर, मॅडमचे दोन्ही पाय टेकतील. मग त्याने एक बसकी मोटरसायकल दाखवली, आरामखुर्चीसारखी. कुंदाताई गुडघ्यांवर बसल्या, तिच्या पोटाखाली हात घालून बघितला आणि उठल्या. त्या पोटाखालून मांजरही नीट गेलं नसतं.

"माझी उंची मोजू नका," त्या त्याला म्हणाल्या. "रस्त्यातल्या दगडाची मोजा."

कोपऱ्यात ती उंच गाडी उभी होती. तिच्यावर बसायला दोघांनी गाडी धरली आणि तिसऱ्याने कुंदाताईंना हात दिला. पाय लोंबले. विक्रेत्याने पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून, अगदी मनापासून, सांगितलं की मॅडम, पाय पोचत नाही, पडाल.

"पाय नाही पोचला तरी चालेल," त्या म्हणाल्या. "मी पोचले पाहिजे."

गिअरची गाडी त्यांना येत होती. कुडाळला लहानपणी भावाच्या मागे लागून शिकल्या होत्या. प्रश्न फक्त थांबण्याचा होता. चालू गाडीवर उंच माणूस आणि बुटका माणूस सारखेच. फरक थांबल्यावर पडतो. तुळिंजला शकील नावाचा मेकॅनिक आहे, त्याने सीटचा फोम तासून दिला. त्यामुळे कुंदाताई बोटभर खाली आल्या आणि फळीवर बसल्यासारख्या बसू लागल्या. मग त्याने मागचा शॉकॲब्सॉर्बर थोडा उतरवला. अजून खाली घे, असं त्या म्हणाल्या तेव्हा शकीलने हात पुसत सांगितलं, "और नीचे किया तो फिर पत्थर लगेगा, दीदी. फिर स्कूटर में क्या बुराई थी?" कुंदाताईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि राहू दे म्हणाल्या. बुटांना मात्र चांभाराकडून दुहेरी तळवे मारून घेतले. त्या बुटांत त्यांची चाल अंतराळवीरासारखी होते.

गासला भातकापणी झालेल्या शेतांत त्या रविवारी सकाळी सराव करायच्या. पहिल्याच दिवशी उजवीकडे पडल्या. उजवीकडे सायलेन्सर असतो. पोटरीचं कातडं त्याला चिकटून निघालं. त्यांनी तिथेच बांधावर बसून स्वतःचं ड्रेसिंग केलं आणि एक नियम केला, "पडायचं तर डावीकडे." शेताचा मालक पहिल्यांदा मदतीला धावत आला होता. पुढच्या रविवारी तो बांधावर बसून बघू लागला, आणि त्यानंतर घरातल्या सगळ्यांना घेऊन यायला लागला.

पडण्याचंही त्यांनी शास्त्र केलं होतं. गाडी झुकायला लागली आणि पाय लागत नाही हे कळलं की तिच्याशी झगडायचं नाही. धरून ठेवलं की खांदा जातो. हात सोडायचे, पाय काढून घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. मग उचलताना गाडीकडे पाठ करायची, सीटला कंबर टेकवायची, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागची पट्टी, आणि पावला-पावलाने मागे सरकत उभं राहायचं. त्या स्वतःच्या वजनाच्या तिप्पट गाडी अशी उभी करतात, हे मी पाहिलं आहे. माणसं उचलायची सवय आहे, असं त्या म्हणतात.

थांबायचं तिथे त्या आधी डाव्या हाताची जमीन बघतात. फुटपाथची कड, कुणाची पायरी, पडका दगड, काहीही चालतं. एका कुल्ल्यावर सरकून डावा पाय त्यावर ठेवायचा. निर्मळच्या देवळापाशी कठडा चांगला आहे, विरारच्या एका सिग्नलला दुभाजक बरा आहे, असं त्या सांगतात, जशी दुसरी माणसं भाजी कुठे चांगली मिळते ते सांगतात. तरीही त्या पडायच्या. गुडघे सोलपटलेले, कोपर सुजलेलं, गिअरचा खटका वाकलेला. तो सरळ करून घ्यायला त्या इतक्या वेळा शकीलकडे जायच्या की माझी बायको वैशाली एकदा म्हणाली, या बाईला कुणीतरी सांगा, आता पुरे. मी सांगितलं. कुंदाताईंनी ऐकून घेतलं आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या की देवाने एवढे लांब पाय दिलेत आणि तुम्ही ते खुर्चीखाली दुमडून ठेवता.

त्या पायांचा हिशोब त्यांनी डोक्यात ठेवला होता हे मला पुढच्या पावसाळ्यात कळलं.

एका सकाळी त्यांनी बेल वाजवली. हेल्मेट डोक्यावरच होतं. त्यांच्याबरोबर पाड्यांवर जाणारे संस्थेतले सहकारी तापाने आजारी होते. पारोळच्या पुढे एका ओढ्यावर पूल नाही, नुसती सिमेंटची फरशी आहे आणि पावसात तिच्यावरून पाणी वाहतं. पाण्याखाली डावीकडे काय आहे ते दिसत नाही, म्हणून मागे लांब पायांचं माणूस हवं. गाडी मी बघते, तुमचे फक्त पाय द्या, असं त्या म्हणाल्या. मी वैशालीकडे बघितलं. तिने माझा रेनकोट आणून दिला.

वाटेत त्यांनी मला रोग्याबद्दल सांगितलं. नाव काशिनाथ, वय चाळिशीच्या आत, खदाणीवर डंपर चालवायचा. तोंडाचा कॅन्सर. जबडा खाऊन टाकलेला, बोलणं बंद, नळीतून पातळ जातं तेवढंच. घरी बायको, यमुना. तुम्ही जखमेकडे बघू नका, त्याच्या डोळ्यांकडे बघा, असं त्यांनी मला बजावलं. मी म्हटलं की मी दोन्हीकडे बघणार नाही. त्या म्हणाल्या की तेही चालेल, पण मग तो तुमच्याकडे बघेल.

फरशीवर नडगीभर पाणी होतं आणि जोर होता. मी दोन्ही बाजूंना पाय सोडून वल्ह्यासारखे ओढत बसलो होतो. मध्यावर मागचं चाक सरकलं. कुंदाताईंच्या पाठीचा कणा माझ्या छातीला लागलेला होता, तो ताठ झाला, पण हात हलले नाहीत. माझा उजवा पाय शेवाळावरून घसरत घसरत कुठेतरी टेकला आणि गाडीचं सगळं वजन त्या गुडघ्यावर आलं. पाण्याकडे बघू नका, समोरच्या झाडाकडे बघा, असं त्या म्हणाल्या. मी झाडाकडे बघितलं. झाड जवळ आलं. पलीकडे गेल्यावर मला कळलं की मी त्यांचा रेनकोट दोन्ही मुठींत धरून फाडला होता.

पाडा दिसायला लागला तशी त्यांनी गाडी एका दगडाशी आणली. दगड ओला, वीतभर रुंद. त्यांनी त्यावर डावा पाय असा अलगद टेकवला की मला धक्काही बसला नाही. उतरा आणि पुढे चालत जा, असं त्या म्हणाल्या. चढ आहे म्हणून असेल, असं मला वाटलं.

काशिनाथचं घर पहिलंच होतं. पुढे ठोकून सपाट केलेलं अंगण, ओटीवर खाट. खाटेवर तो पडलेला होता, टॉवेलने अर्धा चेहरा बांधलेला. वास आधी आला. यमुनाने मला बसायला गोणपाट टाकलं. काशिनाथने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा वाटेकडे डोळे लावले. गाडीचा आवाज ऐकू आला तशी यमुनाने त्याच्या पाठीमागे हात घातला, त्याला उठवून बसवलं आणि मागे गोधडीची वळकटी लावली. एवढं कशाला, हे मला कळेना.

कुंदाताई अंगणात आल्या. अर्धं वर्तुळ घेतलं, बरोबर मधोमध गाडी थांबवली. ते अंगण तळहातासारखं होतं; ना उतार, ना खड्डा. त्यांनी डावीकडे बघितलं, पाय पुढे केला, आणि पडल्या. सावकाश, एखादं झाड पडावं तशा. गाडीमागे बांधलेला औषधांचा डबा खणखणला. स्टूल दोरीसकट निसटून घरंगळत ओटीपाशी आलं. कुंदाताई चिखलात बसून अंगणाला बोलल्या, गाडीला बोलल्या, मग ज्याने रस्ता बांधला नाही त्यालाही बोलल्या.

मी धावलो. त्यांनी माझ्याकडे न बघता ओठांतल्या ओठांत सांगितलं, "उचलू नका. थांबा जरा."

मी मागे वळून बघितलं. काशिनाथचे खांदे हलत होते. टॉवेल त्याने हाताने दाबून धरला होता, वर डोळे बारीक झाले होते आणि त्यांतून पाणी येत होतं. तो हसत होता. यमुना कुंदाताईंकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

मग त्याने हाताने खुणा केल्या. डावा हात क्लचसारखा मिटला, उजवा सोडला, कंबर इकडून तिकडे सरकवली. गाडी थांबण्याआधी अंग कसं सरकवायचं, ते तो डंपरवाला त्यांना शिकवत होता. कुंदाताई चिखलात बसल्या बसल्या लक्ष देऊन बघत होत्या. एक खूण त्यांना समजली नाही, ती त्याने पुन्हा केली. त्या म्हणाल्या, बरं, पुढच्या वेळी तसं करते.

पुढचा बराच वेळ त्यांनी त्याची जखम धुतली. त्या जखमेतून त्यांनी चिमट्याने काय काय काढलं ते मी सांगणार नाही. त्या सगळा वेळ त्याच्याशी क्लचबद्दल बोलत होत्या, आणि तो एका हाताने खाटेची कड धरून, दुसऱ्या हाताने उत्तरं देत होता.

परत येताना पाणी उतरलं होतं. फरशी ओलांडल्यावर मी त्यांना विचारलं की त्या मुद्दाम पडल्या का.

त्यांनी सांगितलं की पहिल्यांदा खरंच पडल्या होत्या. त्याने तेव्हा भिंतीकडे तोंड केलेलं होतं. नळीतून काही घालू देत नव्हता, औषध देऊ देत नव्हता, हात लावला की ढकलायचा. यमुनाने सांगून बघितलं, कुंदाताईंनी सांगून बघितलं. त्या दिवशी अंगणात तोल गेला आणि पडल्या, तेव्हा आतून विचित्र आवाज आला. त्यांना वाटलं, श्वास अडकला. धावत गेल्या तर तो हसत होता. त्या दिवशी त्याने औषध घेतलं, पेजेचं पाणी घेतलं.

"मग काय," त्या म्हणाल्या, "पडते."

लागत नाही का, असं मी विचारलं.

"लागतं ना. जमीन ती जमीनच."

पुढचे महिने मी अधूनमधून त्यांच्याबरोबर गेलो. गाडीवर मागे बसायची मला सवय झाली; ऑफिसला सुट्टी कशासाठी घेतो हे सांगायची मात्र झाली नाही. काशिनाथ दर वेळी थोडा कमी झालेला असायचा. आधी खुणा करणारा हात बारीक झाला, मग खुणा आखूड झाल्या. मग त्याला उठून बसवता येईना. यमुनाने खाटच वळवली, म्हणजे पडल्या पडल्या अंगण दिसेल. कुंदाताई पडत राहिल्या. एका खेपेला पडताना हँडल फिरून त्यांचं उजवं मनगट दुखावलं आणि जखम धुताना त्यांना चिमटा डाव्या हातात घ्यावा लागला. काशिनाथने ते बघितलं. त्याने आपला हात त्यांच्या मनगटावर ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. मान हलवणं म्हणजे त्याच्यासाठी केवढं काम होतं ते मी बघत होतो. कुंदाताई म्हणाल्या की काही नाही रे, बारीक मुरगळलंय. त्याने डोळे मिटले.

दिवाळीनंतर तो गेला. या वेळी कुंदाताई पोचल्या होत्या. दुखणं थांबलेलं होतं, झोपेतच गेला, असं त्या मला जिन्यात म्हणाल्या आणि घरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

त्याच्या दिवसकार्याला आम्ही दोघं गेलो. ओढ्याची फरशी कोरडी होती, माझ्या पायांचं काही काम नव्हतं, तरी त्यांनी मला चला म्हटलं. अंगणात माणसं बसलेली होती. कुंदाताईंनी गाडी मधोमध आणली, अंग सरकवलं, डाव्या पायाचं टोक टेकवलं, स्टँड लावला आणि उतरल्या. बरोबर त्याने शिकवलं होतं तसं. कुणाचं लक्षही गेलं नाही. यमुनाचं गेलं.

माणसं पांगल्यावर ती कुंदाताईंशेजारी ओटीवर येऊन बसली. खाट तिथून काढून टाकली होती. यमुना म्हणाली, "बाई, त्याला ठावं होतं."

काय ठाऊक होतं, असं कुंदाताईंनी विचारलं.

"तू मुद्दाम पडतंस ते. ड्रायव्हर होता तो. दुसऱ्या खेपेलाच त्याला कळलं. मला असं केलान," आणि तिने तळहात आडवा धरून हळूच डावीकडे कलता केला, मग बोट ओठांवर ठेवलं. "सांगू नको म्हनला."

मी जमिनीकडे बघत होतो.

"मग हसायचा कशाला?" कुंदाताईंनी विचारलं.

"तू एवढी पडतंस, नाय हसला तर तुला काय वाटंल," यमुना म्हणाली. "हसताना लई दुखायचं त्याला. तरी हसायचा. तो हसतो म्हनून तू पडायची, तू पडतंस म्हनून तो हसायचा. मी मधे काय बोलनार?"

कुंदाताईंनी आपलं दुखरं मनगट दुसऱ्या हातात धरलं आणि तशाच बसून राहिल्या. घरात कुणीतरी भांडी घासत होतं. मग यमुनाने विचारलं की आता तू इथे यायची नाहीस ना. कुंदाताईंनी खरं ते सांगितलं. संस्थेचं काम रोगी असेपर्यंतच असतं, आणि या बाजूला आता दुसरा कुणी नाही. यमुनाने मान डोलावली आणि त्यांचा चहाचा कप उचलून आत नेला.

परतताना पारोळच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना शेतं असलेल्या जागी त्यांनी गाडी एका मोरीच्या कठड्याशी थांबवली आणि मला म्हणाल्या की जरा पाय मोकळे करा. माझे पाय मोकळेच होते. तरी मी उतरलो आणि बराच पुढे चालत गेलो. वळून बघितलं तेव्हा त्या गाडीवरच बसलेल्या होत्या, एक पाय कठड्यावर, हेल्मेटची काच खाली ओढलेली. खांदे हलत होते. मी पाठ फिरवली आणि आणखी थोडा पुढे गेलो. गाडीचा आवाज जवळ आला तेव्हा थांबलो.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी गॅलरीत उभा होतो. रविवारी कुंदाताई घरी असतात. कपडे धुतात, दुपारी एकट्याच जेवतात, त्यांच्या रेडिओचा आवाज आमच्यापर्यंत येतो. त्या दिवशी रेडिओ बंद होता. त्या बाहेर आल्या त्या साडी नेसून, निऱ्या वर खोचून, खाली पँट घातलेली. मागे औषधांचा डबा नव्हता. त्याच्या जागी कापडी पिशवी बांधलेली होती आणि तिच्यातून निर्मळच्या केळ्यांचा घड डोकावत होता. केसांत त्यांनी अबोलीचा गजरा माळला होता आणि हेल्मेट घालायचं कसं, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत होता. शेवटी त्यांनी गजरा काढून पिशवीत ठेवला.

मी वरूनच विचारलं की आज रविवारी कुठली ड्यूटी.

"ड्यूटी नाही," त्या म्हणाल्या. "यमुनाने निरोप पाठवलाय. जेवायला बोलावलंय."